शुभदाताई, ती चूक तुमची नव्हती

शुभदाताई,

तुमच्या शोकसभेत तिघे बोलले, आणि तिघेही चुकीचे बोलले.

पहिल्या वक्त्याने तुम्हाला मृदुभाषी ठरवले. दुसऱ्याने सांगितले की, 'सर्वांना बरोबर घेऊन' तुम्ही कंपनीचे एकत्रित ग्राहक-पोर्टल घडवले. तिसरे मोठे साहेब. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "शुभदा मॅडमकडून एक चूक झाली, ते वाघोबा प्रकरण. पण नानांसारख्या जाणत्या माणसाच्या मार्गदर्शनाने त्यांनी ती सुधारली." एवढे बोलून त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडे पाहिले. सभागृहानेही पाहिले. तुमच्या तसबिरीपुढचा उदबत्तीचा धूर सरळ वर जाता जाता मधेच वळत होता, आणि त्या धुराआडून तुम्हीही माझ्याकडे पाहत आहात असे मला वाटले. मी उठायला हवे होते. मी उठलो नाही.

समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधी 'हे खरे नाही' म्हणण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस त्या दिवशी खुर्चीचे हात धरून बसून राहिला. म्हणून आता लिहितो आहे. गृहपत्रिकेच्या संपादकांनी तुमच्याविषयी माझ्याकडे चार गोड शब्द मागितले आहेत. गोड शब्दांचा साठा माझ्यापाशी कधीच नव्हता. जे आहे ते देतो. एकही ओळ न गाळता छापावे, ही अट.

तुम्ही माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान होतात, तरी मी तुम्हाला कधी 'अगं' म्हटले नाही. माणूस गेला की लोक त्याला सरसकट 'तू' म्हणू लागतात. मला ते जमणार नाही. ज्या व्यक्तीशी मी बरोबरीने भांडलो, तिला मी 'तुम्ही'च म्हणणार.

दुपारी जेवणानंतर डोळा लागतो, तेव्हा हल्ली कंपनीची बस येते. चिंचवडच्या थांब्यावर मी एकटाच उभा असतो. बस रिकामी, फक्त डाव्या बाजूच्या तिसऱ्या खिडकीशी तुम्ही, मांडीवर खाकी कागदाची गुंडाळी. आपण निघतो. भोसरी मागे पडते, मोशी मागे पडते, इंद्रायणीच्या पुलावर धुके बसमध्ये शिरते आणि तुमच्या कागदावर बसते. पुढे चाकणच्या बाजाराचा कांद्याचा वास येतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडमागून शेड सरकत जातात, पण एकाही शेडच्या पाटीवर अक्षर नसते. सगळ्या पाट्या धुतलेल्या, पांढऱ्या. मला घाबरायला होते. तुम्ही मात्र निवांतपणे काच खाली करता आणि म्हणता, "नाना, पाट्या कशाला हव्यात? थांबायचं कुठे, ते सांगा." आणि मला ते सांगता येत नाही.

जाग येते तेव्हा चहा निवलेला असतो.

ज्यांनी आपल्याला पाहिले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. पिंपरीच्या जुन्या इमारतीत तळमजल्यावरच्या ग्राहक सेवा कक्षाचा मी चौतीस वर्षे प्रमुख होतो. काम एकच: कुठल्या तरी कारखान्यात आमचे यंत्र बंद पडले की येणारा फोन घ्यायचा. हजारो ग्राहकांची नावे मला तोंडपाठ होती. मला 'चालतीबोलती यादी' म्हणत, आणि खोटा विनय मला आवडत नसल्यामुळे सांगतो, ते मला आवडत असे. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कंपनीने मला सल्लागार म्हणून परत बोलावले, ते तुमच्या पोर्टलसाठी.

कंपनीचे विभाग चार: पंप, कॉम्प्रेसर, जनरेटर आणि सुटे भाग. चारही विभागांकडून माल घेणाऱ्या माणसाला चार ग्राहक क्रमांक, चार पासवर्ड, चार निरनिराळी संकेतस्थळे. भोसरीच्या एका कारखानदाराने तुम्हाला आपले चारही पासवर्ड दाखवले होते; त्याने ते शटरच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवले होते. शटर वर गेले की पासवर्डही वर गुंडाळले जात. ते पाहून आल्यावर तुम्ही दोन दिवस हसत होता. तिसऱ्या दिवशी हसणे थांबले आणि तुम्ही म्हणालात, "यात हसण्यासारखं काही नाही. या चार दारांचं एक दार करायचं आहे."

तुम्ही माझ्या कक्षात आलात आणि तीन दिवस फोनच्या शेजारी स्टुलावर नुसत्या बसलात. मी वैतागलो.

"काय शोधताय?"

"फोन उचलल्यावर तुमची माणसं पहिला प्रश्न काय विचारतात, ते."

"ग्राहक क्रमांक."

"नाही विचारत, नाना. तीन दिवसांत एकानेही नाही विचारला. 'कुठून बोलता?' असं विचारतात."

"ती आपली सवय आहे. तिला अर्थ नाही."

"आणि क्रमांक?"

"तो शेवटी. तोही आम्हीच शोधून देतो. गिऱ्हाइकाला कुठला पाठ असायला!"

 तुम्ही खाकी कागदावर एक ओळ लिहिलीत आणि भिंतीला चिकटवलीत. पंख्याच्या वाऱ्याने तो कागद दिवसभर हलत राहिला.

आता मृदुभाषेविषयी. चारही विभागप्रमुखांना पहिल्या स्क्रीनवर आपापला रंग, आपापले चिन्ह आणि आपापले बटण सर्वांत वर हवे होते. बैठकीत ते ऐकून घेऊन तुम्ही त्या चौघांना गाडीत घातलेत आणि भर उन्हात तळेगावच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये नेलेत. तिथे चौघांच्या तळहातांवर ग्रीस चोपडलेत. चौघांच्या हातात आपापला मोबाइल दिलात आणि म्हणालात, "यंत्र बंद आहे, माणसं खोळंबली आहेत. आता दुसऱ्याच्या विभागात लॉगिन करून तक्रार नोंदवा." जनरेटरचे प्रमुख म्हणाले, "मॅडम, अहो, नवीन फोन आहे माझा!" तुम्ही म्हणालात, "गिऱ्हाइकाचाही कधी तरी नवीन असतो, साहेब." अर्ध्या तासात एकालाही तक्रार नोंदवता आली नाही. परतीच्या वाटेवर गाडीला ग्रीसचा वास येत होता. याला सर्वांना बरोबर घेऊन जाणे म्हणायचे असेल, तर पोलीसही माणसाला बरोबरच घेऊन जातात.

मृदुभाषी! तुम्ही असतात तर हा शब्द ऐकून स्टुलावरून पडला असतात.

आता यादी. सांगायचे ते हेच आहे, आणि मी अजून त्याच्याभोवती फिरतो आहे.

चार विभागांच्या याद्या एक करायच्या, म्हणजे कुठले चार क्रमांक एकाच माणसाचे, हे कोणी तरी ठरवायला हवे. आपल्या पट्ट्यात हे सोपे नाही. इथे गावोगावचा माणूस कारखाना काढतो तेव्हा पाटीवर आपल्या ग्रामदैवताचे नाव घालतो. एका गावात एकाच देवाच्या नावाचे सात कारखाने, आणि साती जणांचे आडनावही एक. तुमचे म्हणणे होते की प्रत्येक शेडवर जाऊन विचारावे. मी म्हणालो, "पाट्या बघत हिंडायचे कारण नाही. मला विचारा." सहा आठवडे मी लाल पेन्सिल घेऊन बसलो आणि नावांना कंस घालत गेलो: हा आणि हा एक, हे तिघे एक. ते दिवस मला फार सुखाचे गेले. एकेक नाव वाचले की एकेक आवाज ऐकू येई, शेडमधला उजेड दिसे, यंत्राची धडधड पायाखाली जाणवे. चौतीस वर्षे कागदावरून उठून खोलीभर तरंगत होती.

'वाघोबा इंजिनिअरिंग' आणि 'वाघोबा इंडस्ट्रीज' या दोन ओळींवर तुमचे बोट थांबले.

"नाना, हे दोघे नक्की एकच?"

"बाळासाहेब. ते घर मी तीस वर्षे ओळखतो."

"पत्ते दोन आहेत."

"शेड दोन आहेत, माणूस एक. लिहा."

तुम्ही माझ्याकडे थोडे जास्त वेळ पाहिलेत. मी कंस घातला. पानाच्या तळाशी सही केली.

माणसे दोन होती. बाळासाहेब आणि त्यांचे चुलतभाऊ दत्तोबा. घर वाटले गेले होते, बोलणे बंद झाले होते, आणि ओढ्याकाठच्या जमिनीवरून कोर्टात दावा चालू होता. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. दत्तोबांनी स्वतः येऊन मला नव्या शेडच्या पूजेचे आमंत्रण दिले होते. मी गेलो होतो. तिथे जेवलो होतो. पंगतीत माझ्या शेजारी कोण बसले होते, ते मला आज आठवते. त्या दिवशी पेन्सिल हातात असताना आठवले नाही. पूजा, पंगत, दत्तोबा, सगळे पुसले गेले होते. स्वप्नातल्या त्या पाटीसारखे, पांढरे.

पोर्टल सुरू झाल्यावर महिन्याभरात दत्तोबांनी आपला मोबाइल उघडला, तर त्यात बाळासाहेबांनी मागवलेला मोठा कॉम्प्रेसर दिसला. तो कुठे उतरवायचा तेही दिसले: ओढ्याकाठी, दाव्यातल्या जमिनीवर. दुसऱ्या सकाळी दोन्हीकडची माणसे पहारी घेऊन समोरासमोर उभी राहिली. पोलीस वेळेवर पोहोचले, म्हणून रक्त सांडले नाही. त्याच दुपारी बाळासाहेब पिंपरीला आपल्या कक्षात आले. मी पाण्याचा पेला पुढे केला. ते घटाघटा प्यायले आणि गरजले, "आमचं घर चव्हाट्यावर मांडलं तुमी! कोन शाना हाय त्यो, ज्यानं आमा दोघान्ला एक केलं?"

तुम्ही म्हणालात, "मी."

मी तुमच्यापासून चार हातांवर होतो. रिकामा पेला माझ्याच हातात होता.

चौकशीतही तुम्ही तेच सांगितलेत. "डिझाइनचं नेतृत्व माझं, यादी माझ्या टेबलावरून गेली." पानाच्या तळाशी कोणाची सही आहे, हे कोणी उलटून पाहिले नाही, आणि मी दाखवले नाही. पोर्टलचा दुसरा टप्पा तुमच्याकडून काढून बाहेरच्या लोकांना दिला गेला. तुम्हाला जिन्याखाली एक टेबल मिळाले. खाकी कागद लावायला तिथे भिंतही सरळ नव्हती.

त्याच आठवड्यात, चाकणच्या कामावरून परतताना कंपनीच्या बसमध्ये, मी तुमच्यावर रागावलो. हो, मीच रागावलो.

"तुम्हाला हे करायला कोणी सांगितले होते?"

तुम्ही खिडकीबाहेर पाहत होता. "नाना, मागच्या महिन्यात तुम्ही चिंचवडऐवजी भोसरीला उतरलात."

"माझे काम होते तिथे."

"पावसात, छत्रीशिवाय, दुकानांच्या पाट्या वाचत? मीही उतरले होते तुमच्या मागे. तुम्ही रिक्षात बसेपर्यंत पलीकडे उभी होते."

बस इंद्रायणीच्या पुलावर होती. खाली पाणी होते की धुके, ते कळत नव्हते.

"मला तुमची दया नको."

"दया नाही. एका माणसाच्या आठवणीवर अख्खं पोर्टल टेकवलं, ही डिझाइनचीच चूक आहे. आठवण कधी तरी थकते, हे मला कळायला हवं होतं. म्हणजे चूक माझीच."

हा युक्तिवाद मला तेव्हा मान्य नव्हता आणि आजही नाही. खांब वाकला, तर गवंड्याने खांबाचा दोष अंगावर घेऊ नये. मी उत्तर जुळवत होतो, तोवर तुमचा थांबा आला. "उद्या बोलू," असे म्हणून तुम्ही उतरलात. तो उद्या पुढे पुढे सरकत राहिला. आपण ग्रीसवर भांडलो, बटणांच्या रंगांवर भांडलो, कँटीनच्या उपम्यावर भांडलो. त्या विषयावर पुन्हा नाही.

मोठे साहेब म्हणतात, माझ्या मार्गदर्शनाने तुम्ही चूक सुधारलीत. काय झाले ते मी पाहिले आहे. काम हातातून जाण्याआधीच्या तीन आठवड्यांत तुम्ही माझ्या यादीतले सगळे कंस काढून टाकलेत आणि पहिला स्क्रीन नव्याने रचलात. आज तो उघडला की नाव विचारत नाही, क्रमांक विचारत नाही. एकच प्रश्न येतो: 'तुमचे यंत्र कुठे उभे आहे?' प्रत्येक शेड वेगळी. नावे जुळली म्हणून कोणी कोणाला जोडायचे नाही. ज्याची दुसरी शेड असेल, त्याने स्वतः येऊन 'हीही माझीच' असे सांगायचे. आज सगळी कंपनी त्या एका प्रश्नावर चालते. आणि अहवालात तुम्ही लिहिलेत: 'ही कल्पना नानांच्या कक्षातल्या प्रश्नावरून.'

त्या ओळीसाठी कंपनीने मला शाल आणि नारळ दिला. मी तो घेतला. फोटो काढताना तुम्ही सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्यात.

हेही खोटे आहे, शुभदाताई. 'कुठून बोलता?' हे मी चौतीस वर्षे बोललो, पण एकदाही ऐकले नाही. ते तुम्ही तीन दिवसांत ऐकलेत. विहीर माझ्या अंगणात असेल. पाणी आहे हे तुम्ही सांगितलेत.

तुमच्या आजारपणात मी एकदा फोन केला. तुम्ही उचललात आणि थकल्या आवाजात हसून विचारलेत, "कुठून बोलता?" मी यादीविषयी बोलणार होतो. वाक्य कागदावर लिहूनही ठेवले होते. पण मी बोललो अंगणातल्या चिकूविषयी: यंदा फळ कसे लहान आहे, वटवाघळे कशी येतात. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत. शेवटी म्हणालात, "नाना, अजून काही?" मी म्हणालो, "नाही."

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी बाळासाहेबांकडे गेलो. पत्ता चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवला होता. आता ठेवतो, लाजत नाही. शेडमध्ये पत्रे दाबणारा प्रेस चालू होता. बाळासाहेबांनी खुर्ची पुसून दिली.

"त्या बाई गेल्या म्हनं, नाना. लई बोललो व्हतो मी त्यांना त्या दिशी."

"त्यांची चूक नव्हती. यादी मी केली होती."

त्यांनी हात वर करून प्रेस बंद करायला लावला. शेडमध्ये एवढी शांतता पसरली की पत्र्यावर चिमण्यांची नखे वाजलेली ऐकू आली.

"तुमी तर तितंच व्हता की. पानी बी तुमीच दिलं मला."

"हो."

"मंग तवा का न्हाई बोललासा?"

मी खिशातल्या चिठ्ठीची घडी घालत राहिलो.  मग तेच पुढे बोलले, हळू आवाजात. "त्या आल्या व्हत्या नंतर. एकट्याच. हितं बी, आन् दत्तोबाकडं बी. म्हनल्या, 'तुम्ही दोघं वेगळे आहात, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.' ह्या खुर्चीवं बसल्या व्हत्या. दोन्ही घरचा च्या पिऊन गेल्या, नाना. आमा दोघान्ला आजून जमल्यालं न्हाई एकामेकाच्या घरी च्या प्यायला."

मी त्या खुर्चीवरून उठलो आणि पुढचा वेळ उभाच राहिलो.

तर गृहपत्रिकेसाठी माझे चार शब्द हे. वाघोबा प्रकरणातली यादी माझी. कंस माझे. सही माझी; जुन्या फायलीत शेवटचे पान उलटले की दिसेल. पहिल्या स्क्रीनवरचा प्रश्न शुभदाताईंचा. शाल इस्त्री करून या लेखासोबत परत पाठवत आहे. ज्यांना वाटेल की म्हाताऱ्याची स्मृती गेली आहे, त्याचे बोलणे काय धरायचे, त्यांना सांगतो: स्मृती जात आहे, हे खरे आहे. म्हणूनच ती पुरती जाण्याआधी लिहिले आहे.

आज दुपारी बस आली नाही. त्याऐवजी पिंपरीचा तो तळमजला आला. टेबले रिकामी, पंखा चालू, भिंतीवर तुमचा खाकी कागद हलतो आहे. मधल्या टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला आणि सवयीने विचारले, "कुठून बोलता?"

पलीकडे कोणी बोलले नाही. पण फोन कोणी खाली ठेवलाही नाही. कोणी तरी नेहमीसारखे, घाई न करता, ऐकत होते.

बरे तर. आधी मी सांगतो. मी चिंचवडहून बोलतो आहे, शुभदाताई. चिकूचे काही सांगायचे नाही. ती यादी माझी होती.